‘जगातले निम्मे समुद्रकिनारे नाहीसे होणार’ : एक पेपर, त्यावरचा वाद आणि माझं एक चुकलेलं टेबल

मार्च २०२० मध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बातमी येऊन पडली. २१०० पर्यंत जगातले जवळपास निम्मे वाळूचे किनारे नाहीसे होणार. मी तेव्हा एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि पीएच.डी.ला किनारा हा विषय घेणार असं घरी नुकतंच सांगितलं होतं. बाळापूरहून मोठ्या काकांचा फोन आला. “पोरी, इथं मनले पाणी नाही अन् तू समुद्र शिकून राहिली. तुही पीएच.डी. होईलोक तो किनारा तरी राहीन का?”

मन ही आमच्या गावची नदी. ती आणि म्हैस नदी जिथे मिळतात तिथे बाळापूरचा किल्ला आहे. समुद्र तिथून चारशे किलोमीटर. काकांच्या प्रश्नावर मी हसले, पण उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी मूळ पेपर उघडलासुद्धा नव्हता.

पेटची किंवा नेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, पेपर ‘चिकित्सकपणे’ वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं? लेखकांच्या चुका शोधायच्या का? मलाही आधी तसंच वाटायचं. म्हणून आज हाच पेपर तुमच्यासोबत वाचते. त्यावर टीका झाली, त्या टीकेतही काही उणिवा आहेत, आणि मधे माझी स्वतःची एक घोडचूक आहे. ती लपवत नाही.

पेपरात काय होतं

हा पेपर मिखालिस वूसदूकास आणि सहकाऱ्यांचा. ते युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्रातले. ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये तो छापून आला. जगभरातल्या वाळूच्या किनाऱ्यांसाठी त्यांनी तीन गोष्टी एकत्र केल्या. पहिली, उपग्रहाच्या चित्रांवरून गेल्या काही दशकांत किनारा किती सरकला तो कल, आणि तोच कल पुढे नेला तर काय होईल. दुसरी, समुद्राची पातळी वाढल्यामुळे होणारी माघार. तिसरी, मोठ्या वादळात एका झटक्यात होणारी धूप. किनाऱ्याची माघार १०० मीटरपेक्षा जास्त निघाली, तर तिथे धोका गंभीर धरला.

आता बातमी परत बघा. ‘नाहीसे होणार’ हा शब्द १०० मीटरच्या त्या मर्यादेवर उभा आहे. ‘निम्मे’ हा शब्द उत्सर्जन भरमसाठ चालू राहिलं तर काय, या शक्यतेवर उभा आहे. उत्सर्जन मध्यम प्रमाणात आवरलं तरी माघारीचा सुमारे ४० टक्के भाग टाळता येईल, हे त्याच पेपराच्या गोषवाऱ्यात लिहिलेलं आहे. बातमीत ते शोधून सापडत नव्हतं. म्हणजे पेपर वाईट आहे असं म्हणण्याआधी पेपर आणि बातमी वेगळी करा. निम्मं काम तिथेच होतं.

१९६२ चा नियम

पेपरातला सगळ्यात जास्त वादाचा भाग दुसरा. समुद्र इतका वाढला तर किनारा किती मागे जाईल? यासाठी त्यांनी ‘ब्रून नियम’ वापरला. पेर ब्रून हे डॅनिश वंशाचे किनारा-अभियंता. त्यांनी १९६२ मध्ये मांडलेली कल्पना खरंच सोपी आहे, आणि सुंदरही.

लाटा वाळूच्या किनाऱ्याला एक ठरावीक आकार देतात. वर पुळण, मग पाण्याखाली हळूहळू खोल जाणारा उतार. समुद्र वर आला की हा आकार तसाच्या तसा वर आणि आत सरकतो. त्यासाठी वरच्या पुळणीची वाळू निघून पाण्याखालच्या तळावर पसरते. जेवढी वरून गेली तेवढीच खाली बसली, असा चोख हिशेब.

गणित असं. ज्या पट्ट्यात लाटा वाळू हलवतात त्याची रुंदी ६०० मीटर धरा. पुळणीच्या माथ्यापासून लाटा जिथपर्यंत तळ हलवतात तिथपर्यंतची उंची १२ मीटर धरा. ६०० भागिले १२ म्हणजे ५०. समुद्र जितका वाढेल त्याच्या ५० पट किनारा मागे जाणार. पातळी ४० सेंटिमीटर वाढली की माघार २० मीटर. संपलं गणित.

आता तुम्हीच सांगा, इतकं सोपं सूत्र हातात आल्यावर कोण सोडेल? दोन आकडे टाका, उत्तर घ्या. मी माझ्या सिनॉप्सिसमध्ये हेच केलं होतं आणि मार्गदर्शकांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, “याच्या अटी वाचल्या का?”

अटी अशा. किनारा पूर्ण वाळूचा हवा, खाली खडक नको. वाळू बाहेरून यायला नको, बाहेर जायला नको. किनाऱ्याला समांतर वाहून जाणारी वाळू हिशेबात नाही. जवळ नदीचं मुख किंवा खाडी नको. आणि लाटांनी घडवलेला तो आकार कायम तोच राहायला हवा. अँड्र्यू कूपर आणि ऑरिन पिल्की यांनी २००४ मध्ये एक लेख लिहून या नियमाला आता निरोप द्यावा असं स्पष्ट म्हटलं. त्यांचा मुद्दा होता की या सगळ्या अटी एकत्र पाळणारा किनारा प्रत्यक्षात सापडणं फार कठीण.

वूसदूकास यांच्या गटाला हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. त्यांनी नियमाचं उत्तर जसंच्या तसं घेतलं नाही, ते कमी करणारा एक दुरुस्ती-गुणक लावला. पण गुणकाने उत्तर लहान होतं, नियम बदलत नाही. खडकाळ जागी ‘थोडा कमी ब्रून’ लावला तरी तो ब्रूनच.

कोकणात हा नियम चालवून बघा

रत्नागिरी जिल्ह्यातला कुठलाही किनारा डोळ्यासमोर आणा. दोन बाजूंना बेसाल्ट आणि जांभ्याची भूशिरं, मधे अर्धचंद्रासारखी पुळण, बऱ्याचदा एका टोकाला खाडीचं मुख. ओहोटीला कितीतरी ठिकाणी वाळूखालून खडक डोकं वर काढतो. वाळूचा थर जिथे पातळ आहे तिथे ६०० मीटर रुंदीचा तो चोख हिशेब बसवायचा कुठे? आणि खाडी भरतीला वाळू आत ओढते, पावसाळ्यात पुराबरोबर बाहेर टाकते. ‘बाहेरून येणार नाही, बाहेर जाणार नाही’ ही अट तिथेच मोडली.

सिंधुदुर्गात मालवण तालुक्यातलं देवबाग घ्या. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर माड, घरं, माणसं. तिथला किनारा दर पावसाळ्यात बातम्यांमध्ये असतो. ब्रूनचा नियम या पट्टीला समुद्राच्याच बाजूने पाहतो. पण तिला नदीही खाते, आणि कर्लीच्या मुखाशी वाळूचे दांडे जागा बदलतात तशी लाटांची दिशाही बदलते. याच मुखाजवळ एक वाळूचं बेट आहे. पर्यटक त्याला ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात, कारण ते २००४ च्या त्सुनामीने वर आलं असं सांगितलं जातं. हे विधान आपल्या सरावासाठी फार छान आहे. वाळूचा दांडा कुठल्याही नदीमुखाशी त्सुनामीशिवायही तयार होतो. म्हणून पहिला प्रश्न : २००४ च्या आधीचा नकाशा किंवा उपग्रहचित्र काय दाखवतं? ते पाहिल्याशिवाय विधान खरं म्हणायचं नाही, खोटंही म्हणायचं नाही.

माझं टेबल

आता पहिल्या भागाकडे, म्हणजे उपग्रहावरून काढलेल्या कलाकडे. इथे माझी फजिती झाली.

मी कोकणातल्या एका पुळणीची लँडसॅटची दोन चित्रं घेतली, मधे आठ वर्षांचं अंतर. दोन्हींवर पाण्याची कड आखली. ती २७ मीटर मागे गेलेली दिसली. वर्षाला तीन मीटरपेक्षा जास्त धूप! टेबल केलं, लाल रंगाने रंगवलं, विभागातल्या सेमिनारमध्ये दाखवलं. मागच्या बाकावरून एका सिनियरने एकच प्रश्न विचारला : “दोन्ही वेळेला भरती किती होती?”

मी बघितलीच नव्हती. नंतर तपासलं तर दोन चित्रांच्या वेळी पाण्याच्या पातळीत सुमारे ७० सेंटिमीटरचा फरक होता. पुळणीचा उतार चाळीसला एक. म्हणजे फक्त भरतीमुळे पाण्याची कड २८ मीटर सरकते. माझी अख्खी धूप भरतीने धुऊन नेली. शिवाय लँडसॅटचा एक ठिपका ३० मीटरचा. माझं उत्तर एका ठिपक्याएवढंही नव्हतं. आणि पहिलं चित्र एप्रिलचं, दुसरं ऑक्टोबरचं. कोकणात पावसाळ्यातल्या लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात आणि हिवाळा-उन्हाळ्यातल्या मंद लाटा ती परत आणून टाकतात. एप्रिलची भरलेली पुळण मी ऑक्टोबरच्या रोडावलेल्या पुळणीशी ताडून पाहत होते.

या सगळ्यातून ‘तिथे धूप होत नाही’ असं सिद्ध होत नाही. मी धूप मोजलीच नव्हती, इतकंच सिद्ध होतं.

पुढे फील्डवर एका मच्छीमार काकांना हे सांगितलं. त्यांना उपग्रहात रस नव्हता, पण भरतीचा हिशेब त्यांनी बोटांवर करून दाखवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, आणि भरती दुपारच्या आसपास. मला एकदम लख्ख झालं. लँडसॅट आपल्यावरून नेहमी सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास जातो. उधाणाच्या दिवशी त्या वेळी पाणी चढत असतं. उधाणाची ती मोठी ओहोटी येते सकाळी किंवा संध्याकाळी सहाच्या आसपास. ती या उपग्रहाला कधी दिसतच नाही. मुंबईजवळ भरती-ओहोटीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. तिथे उपग्रहावरून काढलेल्या रेषेला ‘किनारा’ म्हणण्याआधी ती कुठल्या पातळीची रेषा आहे हे विचारावंच लागतं.

जागतिक अभ्यासात शेकडो चित्रांची सरासरी घेतात, त्यामुळे माझ्यासारखी ढोबळ चूक तिथे होत नाही. पण सरासरीतही रेषा कोणती धरली, हा प्रश्न उरतोच.

रेषा बदलली की आकडाही बदलतो

महाराष्ट्राला किती किलोमीटर किनारा आहे? शाळेत आपण ७२० पाठ केलं. सरकारी यादीत वर्षानुवर्षं ६५२.६ होतं. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ मधले बदल मोजले तेव्हा सुमारे ७३९ धरलं. आणि अलीकडच्या सरकारी फेरमोजणीत ते ८७७.९७ झालं. भारताचा किनारा त्याच फेरमोजणीत ७,५१६.६ वरून ११,०९८.८१ किलोमीटरवर गेला. जमीन वाढली नाही, नकाशा बारीक झाला. जुनी मोजणी ४५ लाखांस एक प्रमाणाच्या नकाशावर होती, नवी अडीच लाखांस एक. खाडीची जी वळणं आधी दिसत नव्हती ती आता मोजली गेली. बेनोआ मांडेलब्रोट यांनी १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हीच गोष्ट सांगितली होती.

म्हणून टक्केवारी दिसली की छेद बघा. चेन्नईच्या त्या अभ्यासात देशाच्या मुख्य भूमीचा ३३.६ टक्के किनारा धूप होणारा, २६.९ टक्के वाढणारा आणि ३९.६ टक्के स्थिर निघाला. महाराष्ट्रात धूप २५.५ टक्के, स्थिर ६४.६. ‘आपल्याकडे बरं आहे’ असं म्हणू नका. आपल्याकडे खडक जास्त आहे. वाळूच्या पुळणी लांबीने थोड्या, आणि माणसं-घरं मात्र बहुतेक तिथेच.

जगाचंही बघा. १९८४ ते २०१६ मधल्या उपग्रहचित्रांवरच्या एका अभ्यासात, जो २०१८ मध्ये आला, वाळूच्या किनाऱ्यांपैकी २४ टक्के धूप होणारे आणि २८ टक्के वाढणारे निघाले. या सगळ्या काळात समुद्राची पातळी वाढतच होती. म्हणजे या ३०-३५ वर्षांत किनारा कुठे सरकला हे फक्त समुद्राने ठरवलं नाही. नदीने आणलेला गाळ, बंदरं, भराव, भिंती, वादळं, सगळ्यांचा त्यात हात होता. मग हा कल जसाच्या तसा २१०० पर्यंत ओढायचा का? ज्या भरावामुळे एखादा किनारा ‘वाढला’, तो भराव पुढची ८० वर्षं चालूच राहणार आहे का?

टीकाकारांवरही टीका करा

त्याच वर्षी कूपर आणि इतर अनेक संशोधकांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : मागे सरकायला जागा आणि वाळू मिळाली तर पुळण समुद्राबरोबर आत सरकते, मरत नाही. याला भक्कम आधार आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. तेव्हापासून तो वर आला आणि पुळणी आजही आहेत.

मी हे वाचून खूश झाले होते. पेपर पडला, प्रश्न मिटला! पण मग देवबाग आठवलं. तिथे मागे नदी आहे. मुंबईत मागे रस्ता आणि इमारती आहेत. ‘जागा मिळाली तर’ या तीन शब्दांवर अख्खा दिलासा टांगलेला आहे, आणि आपल्या दाट वस्तीच्या किनाऱ्यावर तीच जागा नाही. दुसरं, पुळण जगेल म्हणजे पुळणीवरचं घर जगेल असं नाही. पुळण आत सरकते ती कुणाच्या तरी माडाच्या बागेतूनच. तिसरं, ज्या अभियंत्याला उद्या काहीतरी आकडा द्यायचा आहे त्याला ‘हा नियम सोडा’ एवढंच सांगून भागत नाही.

वूसदूकास यांच्या गटाने या टीकेलाही उत्तर दिलं आहे. तिन्ही लेख एका बैठकीत वाचा. तुमच्या लक्षात येईल की समुद्र वाढतोय का, यावर वाद नाहीच. वाद आहे तो किनारा कशाने मरतो यावर. एक बाजू म्हणते पाण्याने, दुसरी म्हणते आपण त्याची वाट अडवल्याने.

हा फरक पुस्तकी नाही. पहिलं उत्तर मान्य केलं की साहजिक उपाय म्हणजे धूपप्रतिबंधक बंधारा. कोकणात दगडांचे असे बंधारे आणि टेट्रापॉड तुम्ही पाहिले असतील. बंधारा मागची जमीन राखतो, पण पुळणीला मागे सरकू देत नाही. पुढची वाळू मात्र लाटा नेतच राहतात. काही वर्षांनी बंधारा शाबूत आणि पुळण गायब. मग आपण म्हणतो, बघा, पेपर खरा ठरला. म्हणून चुकीच्या जागी लावलेलं सूत्र ही माझ्या सिनॉप्सिसपुरती गोष्ट नव्हती. त्याच सूत्रावरून कुणाच्या तरी दारासमोर दगड पडू शकतात, किंवा जिथे खरोखर दगडच हवेत तिथे ते पडायचे राहू शकतात.

पेपर हातात घेतल्यावर

मी आता वाचताना चार प्रश्न वहीत लिहून ठेवते. मोजलेली रेषा नेमकी कोणती, म्हणजे कुठल्या पातळीची, कुठल्या ऋतूतली, कुठल्या प्रमाणाची? काळ किती? सूत्राच्या अटी या जागेला लागू आहेत का? आणि निष्कर्ष कुठल्या एका गृहीतकावर उभा आहे, जे काढलं तर तो पडेल? मुलाखतीत ‘या पेपरची मर्यादा काय’ असं विचारलं, तर ‘सॅम्पल कमी आहे’ हे पाठ उत्तर देऊ नका. चौथ्या प्रश्नाचं उत्तर द्या. आणि तेच चार प्रश्न आधी स्वतःच्या टेबलाला विचारा. मी विचारले असते तर सेमिनारमध्ये लाल रंग वाचला असता.

काकांना उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली. गेल्या दिवाळीत बाळापूरला गेले तेव्हा सांगितलं, की आपल्या मनची रेती पूर्णेत जाते, पूर्णेची तापीत, आणि तापी सुरतजवळ समुद्राला मिळते. किनाऱ्याला लागणारा माल तिथून येतो. वाटेत हतनूर आहे, उकाईचं मोठं धरण आहे, तिथे गाळ अडतो. आणि त्याआधी आपल्याच रेतीघाटावर टिप्पर भरतात. पुळणीचं पोट भरायचं की नाही हे थोडंसं इथेही ठरतं. म्हणून मी समुद्र शिकते.

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मंग हे त्या रेतीघाटावाल्यायले सांग नं. मले काय सांगतं?”